कोऱ्या ओळीतला पिवळा रंग

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. दारावरचा पहारेकरी वयाने तिच्याहून मोठा, तोसुद्धा मावशीच म्हणे, आणि ती दर वेळी त्याला विचारी, "मग तुम्ही माझे कोण, पणजोबा?" अलीकडे मात्र या विचारण्यातही जोर राहिला नव्हता. पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि सकाळी प्रयोगशाळेचा झगा अंगात घालायचा म्हटलं की दिवस सुरू व्हायच्या आधीच संपल्यासारखा वाटे.

काम काय, तर पेशी सांभाळायच्या. एड्सचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरतो कसा, वाढतो कसा आणि कोणत्या औषधाने त्याची वाढ थांबते, हे तिथे तपासलं जाई. ऐकायला मोठं भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात ती दुसऱ्याची पोरं सांभाळण्यासारखीच नोकरी. पेशींना खायला घालायचं, उष्टं काढायचं, गर्दी झाली की वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं, आणि सुट्टीच्या दिवशीही एक खेप घालायची, कारण पेशींना रविवार कळत नाही. "लोकांची पोरं निदान मोठी तरी होतात," मावशी म्हणे, "ही मेली जन्मभर तान्हीच." तिला स्वतःला पोरं नव्हती. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला वाढवण्यात लग्नाचं वय निघून गेलं, आणि पुढे कुणी विचारलं नाही. तिनेही फार वाट पाहिली नाही.

विषाणूची खोली दोन दारांच्या आत होती. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. बाहेरची हवा आत ओढली जाई, आतली हवा गाळण्यांतून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. हातमोज्यांवर हातमोजे, तोंडावर घट्ट मास्क, वरून झगा. आत पाणी प्यायचं नाही, घाई करायची नाही, नाकाला हात लावायचा नाही. आणि आत पाऊल टाकलं की सगळ्यात आधी नाकालाच खाज सुटते. हा निसर्गनियम कुठल्या पुस्तकात नाही, पण त्या खोलीत काम केलेल्या प्रत्येकाला पाठ आहे.

तिथला सगळा कारभार तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटवर चाले. प्लेटमध्ये ओळीने बारीक खळगे. सगळ्या खळग्यांत निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. काही ओळींत त्यांच्यावर विषाणू सोडायचा आणि औषध घालायचंच नाही, म्हणजे तो मोकळा सुटला तर किती वाढतो ते कळतं. काही ओळींत विषाणू आणि नवीन औषध. काहींत विषाणू आणि तुलनेसाठी जुनं, लोक कधीपासून घेत आहेत ते औषध. खालच्या ओळींत विषाणू नाही, नुसतं औषध, एकीत नवीन, एकीत जुनं, कारण चोराबरोबर घरमालकही मेला तर ते औषध काय कामाचं? आणि अगदी कडेला एक ओळ नुसत्या पेशींची. तिच्यात विषाणू नाही, औषध नाही, काही नाही. तिला सगळे कोरी ओळ म्हणत.

काही दिवसांनी प्रत्येक खळग्यातलं पाणी काढून त्यात विषाणूच्या कवचाचं प्रथिन आहे का ते पाहायचं. असलं तर पाणी पिवळं होतं, जितका विषाणू जास्त तितकं गडद. कोरी ओळ पाण्यासारखी राहायला हवी. ती पिवळी झाली तर प्लेट कचऱ्यात गेली असं समजायचं, कारण त्याचा अर्थ एकच, की करणाऱ्याच्या हातून कुठेतरी थेंब उडाला, एका खळग्यातलं दुसऱ्यात गेलं. कोरी ओळ म्हणजे करणाऱ्याची अब्रू.

मावशीची कोरी ओळ कधी पिवळी झाली नव्हती. नव्या आलेल्या मुलांच्या झाल्या, परदेशी जाऊन शिकून आलेल्यांच्या झाल्या, एकदा खुद्द डॉक्टरबाईंची झाली होती. डॉक्टरबाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, आणि सध्याचं नवीन औषध त्यांचंच. मावशीजवळ पदवी साधीच होती, हाताखाली कुणी नव्हतं, घरी सांगण्यासारखं काही नव्हतं. पण ती ओळ कोरी होती. माणसाला मिरवायला एवढंसं पुरतं.

प्लेटसाठी रक्त लागे ते खालच्या मजल्यावरच्या रक्तखोलीतून येई. तिथल्या सिस्टरकडे ठरलेले दाते होते. नळीवर नाव नसे, फक्त आकडा, आणि कुठला आकडा कुणाचा हे एकट्या सिस्टरला ठाऊक. एक दिवस ठरलेला दाता आलाच नाही. पेशी त्याच दिवशी लावायच्या होत्या, डॉक्टरबाई तिसऱ्यांदा विचारून गेल्या, आणि सिस्टर म्हणाली, "मावशी, तुमच्या भावाला बोलवा की. मागे दिलं होतं त्याने. काय शिरा आहेत, आंधळ्यालाही सापडतील."

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. दारातून वाकून यावं लागे एवढा उंच, चाळिशीला टेकलेला, आणि घरी नाव छोट्या. त्याची बायको कधीच सोडून गेली होती. तेव्हापासून तो ताईकडेच राहत होता, किंवा त्याच्या मते ताई त्याच्याकडे राहत होती. तो जवळच्याच इमारतीत काम करत होता. हात पुसत आला, रक्त दिलं, बिस्किटं दोनदा मागून घेतली आणि गेला. ते रक्त नेहमीसारखं तपासलं गेलं आणि स्वच्छ निघालं.

आपल्या स्वतःच्या रक्तावर आपण काम करायचं नाही, असा तिथे कडक नियम होता. आपल्याच पेशींत विषाणू वाढवला आणि चुकून सुई टोचली, तर शरीर घरचाच माणूस समजून दार उघडतं. भावाच्या रक्ताबद्दल नियमात काही लिहिलं नव्हतं. नियम लिहिणाऱ्याला बहुतेक भाऊ नसावा. मावशीने नळी उचलली, रक्त यंत्रात गरगर फिरवून पांढऱ्या पेशींचा तो धुरकट पट्टा वेगळा काढला, राजम्यापासून काढलेलं एक द्रव्य घालून पेशींना जागं केलं आणि तिसऱ्या दिवशी प्लेट लावली. आकडा कुणाचा हे या वेळी सिस्टरबरोबर तिलाही माहीत होतं. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

प्लेट वाचायच्या दिवशी रंग चढू लागला तेव्हा रंग मोजायच्या यंत्रात घालायच्या आधीच तिला दिसलं. विषाणूच्या ओळी गडद पिवळ्या होत्या, तशाच असायला हव्या होत्या. कडेची कोरी ओळही पिवळी होती. तेवढी गडद नाही, पण डोळे चोळून पाहिलं तरी पिवळी.

डॉक्टरबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मावशी, ही कोरी ना?"

"हो."

"दुसरी बाजू तर नाही ना? प्लेट उलटी धरली असेल."

"सरळच आहे बाई."

डॉक्टरबाई वाईट नव्हत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "होतं हो. इतक्या वर्षांत एकदा. दमला असाल." दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. सगळे एकदम गोड बोलू लागले. कुणीतरी मावशीच्या टेबलावर चहा आणून ठेवला. इतकी वर्षं नीट काम केलं तेव्हा चहा स्वतः जाऊन घ्यावा लागे, एकदा चुकल्यावर जागेवर मिळाला. तिने तो प्यायला, आणि लाजेने तिचे कान तापले.

घरी जाताना बसमध्ये ती तो दिवस हाताने परत करत होती. नळी उचलली, झाकण काढलं, टोक बदललं. आधी कोरी ओळ भरली, मग औषधं, विषाणू सगळ्यात शेवटी, नेहमीसारखाच. शेजारचा माणूस तिच्या हलणाऱ्या बोटांकडे बघत जरा सरकून बसला. तिला एकही चूक सापडेना. सापडली असती तर झोप तरी लागली असती.

छोट्या आधीच घरी आला होता आणि पाय पसरून बसला होता. "ताई, माझं काही खरं नाही," तो म्हणाला. "ताप जाऊन इतके दिवस झाले, तरी दोन जिने चढलो की धाप लागते. आणि मी लिफ्टवाला! लोक हसतात."

"टॉनिक घे," ती सवयीने म्हणाली. पिशवी ठेवायला वळली आणि तिथेच थांबली.

तो ताप रक्त दिल्यावर दोन-तीन दिवसांतच आला होता. घसा धरला होता, मानेला गाठी आल्या होत्या, छातीवर लालसर पुरळ उठलं होतं. तिने कपाळाला हात लावला होता, "फिरतोय सगळीकडे, व्हायरल आहे," असं म्हणून तापाची गोळी दिली होती आणि कामावर गेली होती. विषाणू माणसात नवा शिरला की पहिल्या काही आठवड्यांत नेमकं हेच होतं. हे ती नव्या मुलांना स्वतः शिकवायची. नेहमीची तपासणी विषाणूला शोधत नाही, त्याला शरीराने दिलेलं उत्तर शोधते. ते उत्तर तयार व्हायला वेळ लागतो, आणि मधल्या दिवसांत रक्त स्वच्छ दिसतं आणि विषाणू आत मोकाट असतो, हेही ती शिकवायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"काय झालं?" छोट्याने विचारलं.

"काही नाही. गुडघा."

त्या रात्री तिने मनाशी हिशेब सरळ मांडला. एक तर तिचा हात चुकला होता, किंवा भावाचं रक्त तसं होतं. तिसरं काही नव्हतं. लोक आपली चूक निघू नये म्हणून देव पाण्यात ठेवतात, हिने चूक निघावी म्हणून ठेवले. माझा हात थरथरला असू दे, मला डोळ्यांनी दिसेनासं झालं असू दे, उद्या मला कामावरून काढू देत, पण चूक माझीच असू दे. इतक्या कळकळीने तिने आजवर काही मागितलं नव्हतं.

सकाळी डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं. "मावशी, ती प्लेट आणि त्या पेशी टाकून द्या. नवीन रक्त घेऊ, नव्याने लावू. आणि याची फार चर्चा नको. पुढच्या आठवड्यात मला हे दाखवायचंय, माझ्या डोक्याला तेवढाच ताप पुरे."

हे फारच सोपं होतं. ऑटोक्लेव्ह म्हणजे एक मोठा प्रेशर कुकरच, त्यात पिशवी टाकली, झाकण लावलं, की विषाणू, पेशी, पुरावा, सगळं वाफेवर शिजून निघतं. ती पिशवी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे टाकलं की ती एक वेंधळी बाई ठरेल आणि तो एक निरोगी माणूस राहील. हा सौदा तिला आनंदाने मान्य होता. अडचण एवढीच होती की विषाणूला तो मान्य होणार नव्हता. तो आतल्या आत वाढत राहील आणि एक दिवस छोट्याला जिना चढताच येणार नाही, आणि तेव्हा तिला हा कुकर आठवेल. शिवाय छोट्या एकटाच राहायचा असं थोडंच आहे, उद्या कुणी त्याच्या आयुष्यात आली तर तिचं काय?

मावशी दमलेली होती, मूर्ख नव्हती. ती पिशवी परत घेऊन गेली.

"बाई, टाकायच्या आधी एकदा दोन दारांवर घालून बघू."

दोन दारांची गोष्ट अशी. पेशीत शिरायला या विषाणूला कुठलं तरी दार लागतं, आणि दारं मुख्यतः दोन प्रकारची. प्रयोगशाळेतला विषाणू वर्षानुवर्षं तिथेच वाढवलेला, बसून खाऊन सुस्तावलेला, त्याला एकच दार उघडता येई. माणसाकडून माणसाकडे नुकताच गेलेला विषाणू बहुतेक वेळा दुसऱ्या दाराने शिरतो. त्यांच्याकडे दोन जातींच्या पेशी होत्या, एकीला फक्त हे दार, दुसरीला फक्त ते, आणि विषाणू आत शिरला की पेशी उजळतात. कोऱ्या ओळीतलं पाणी दोन्हींवर घालायचं. पहिल्या उजळल्या तर विषाणू घरचा, म्हणजे थेंब उडाला आणि चूक मावशीची. दुसऱ्या उजळल्या तर तो रक्तातूनच आलेला.

"एका चुकीपायी आणखी चार दिवस?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणी तुम्हाला काही बोललं का?"

"नाही. चूक माझी असेल तर मला ती बघायची आहे."

"आणि नसेल तर?"

"तर ज्याचं रक्त आहे त्याला कळायला हवं."

डॉक्टरबाई खुर्चीत मागे टेकल्या. "खरं सांगू? काल माझ्याही मनात आलं होतं ते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही दमला असाल हे मानणं सोपं होतं." मग उठल्या. "तुम्ही नाही करायचं पण. परीक्षा तुमच्याच हाताची आहे. मी करते."

डॉक्टरबाई बऱ्याच वर्षांनी आतल्या खोलीत शिरल्या. झगा उलटा बांधला, तो मावशीने सोडून पुन्हा बांधला. हातमोजे घालताना एक फाटला. हूडपुढे, म्हणजे काम करायच्या काचेच्या कपाटापुढे, बसल्या आणि दोन मिनिटांत मास्कच्या आतून आवाज आला, "मावशी, नाक!"

"सहन करा," मावशी म्हणाली. "मी जन्म काढला."

ती बाजूला उभी राहून एकेक वस्तू हातात देत होती. बाईंचा हात सावकाश चालत होता, पण बरोबर चालत होता. त्यांनी टोक बदललं की मावशी नकळत मान हलवी. शेवटी दोन्ही प्लेटा इनक्युबेटरच्या उबेत गेल्या, दार लागलं, आणि करण्यासारखं काही उरलं नाही.

ते वाट बघायचे दिवस मावशीला आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जड गेले. सकाळी छोट्याने चहा पिऊन कप ठेवला आणि तिचा हात तो वेगळा विसळायला गेला. हात मध्येच थांबला. कपाने, ताटाने, टॉवेलाने हा विषाणू जात नाही, हे घसा कोरडा होईस्तोवर लोकांना सांगत आलेली बाई ती. तिला स्वतःची इतकी चीड आली की त्याच कपात तिने आपला चहा ओतला आणि उभ्या उभ्या प्यायला.

"माझा कप का घेतलास?" छोट्या म्हणाला. "काय गं, घरात कपांचा दुष्काळ पडलाय?"

"जवळ होता म्हणून."

संध्याकाळी तो त्याच्या लिफ्टच्या गोष्टी सांगत बसला. लोक बटण कसे दाबतात त्यावरून माणूस ओळखता येतो, हा त्याचा आवडता विषय. "एक म्हातारे आहेत, दिवा लागलेला असतो तरी बटण दाबतच राहतात. टक, टक, टक. मी म्हटलं, आजोबा, कितीही दाबा, ती तिच्या वेळेलाच येणार. तर म्हणतात कसे, मला माहितीये रे, पण नुसतं उभं राहवत नाही."

मावशी हसली. हसताना तिला वाटलं, हा इतका चांगला बोलतो हे मी कधी त्याला सांगितलं नाही. आणि रडू येईल म्हणून ती भांडी घासायला गेली.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी प्लेटा यंत्रात घातल्या आणि मावशीला जवळ बोलावलं. पहिल्या दाराच्या पेशी काळोखात होत्या, एकही आकडा वर आला नाही. दुसऱ्या दाराच्या ओळीचे आकडे भराभर चढत गेले. डॉक्टरबाईंनी तो भाग दोनदा तपासला. मग त्या वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता, तिच्यासाठी वाटलेला आनंद.

"मावशी, तुमचा हात स्वच्छ आहे! मी आत्ताच सगळ्यांना सांगते. आणि सिस्टरला कळवून त्या दात्याला..."

असं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मावशी स्टुलावर बसली.

"सगळ्यांना नका सांगू," ती म्हणाली. "तो माझा भाऊ आहे, बाई."

डॉक्टरबाईंचा हात यंत्रावर तसाच राहिला. मग त्यांनी दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या. "गोळ्या आहेत, मावशी. लवकर कळलंय. रोज घेतल्या तर... मी तुम्हाला काय सांगणार?"

"मला सगळं माहीत आहे. पण आज मला काहीच माहीत नाही असं धरा आणि सांगा."

डॉक्टरबाईंनी सांगितलं. रोज एक गोळी. काही महिन्यांत रक्तात विषाणू सापडणारही नाही इतका कमी होतो, मग तो दुसऱ्याला लागतही नाही. माणूस काम करतो, म्हातारा होतो. मावशीने हे हजारदा ऐकलं होतं आणि शेकडो जणांना ऐकवलं होतं. त्या दिवशी ते तिने पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं, आणि तरी ते आत कुठे पोचलं नाही.

छोट्याला फोन सिस्टरने केला. रीत तशीच होती, मावशीने काही सांगायचं नव्हतं. "परत बोलावलंय," तो घरी येऊन म्हणाला. "माझं रक्त फारच आवडलेलं दिसतंय त्यांना."

"मीही येते," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

नव्या रक्तातही तेच निघालं, या वेळी थेट विषाणू शोधणाऱ्या तपासणीत. सिस्टर आणि समुपदेशक त्याला आत घेऊन बसले. मावशी बाहेरच्या बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. तिने ते वरपासून खालपर्यंत इतक्या वेळा पाहिलं की शेवटी त्यातला माणूसही दमल्यासारखा दिसायला लागला. आतून आवाज येत नव्हता. तिला वाटलं, दार उघडून आत जावं आणि म्हणावं, चूक माझी आहे, थेंब उडाला, जा घरी. पण तिच्याकडे आता तेवढी चूकही उरली नव्हती.

छोट्या बाहेर आला तो वाकून, सवयीने, दार उंच होतं तरी. तो तिच्याशेजारी बसला. बाक करकरला.

"तुला आधी कळलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा?"

"तेव्हा शंका होती. खात्री नव्हती."

"तरी हसलीस."

"नुसतं उभं राहवत नव्हतं रे."

त्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते आणि ती ते बघत राहिली, हात लावायचं धाडस होईना. कुठून आला, कधी आला, हे तिने विचारलं नाही, आणि पुढेही कधी विचारलं नाही. मग तो नाक पुसत म्हणाला, "ती सिस्टर सांगत होती, गोळ्या घेतल्या की माणूस म्हातारा होतो. सगळ्यांना असंच सांगत असतील. समोर बसलेल्याला दुसरं काय सांगणार?"

मावशीने तोंड उघडलं आणि तिला कळलं की डॉक्टरबाईंचं बोलणं तिच्याही आत का पोचलं नव्हतं. ते सगळ्यांबद्दल होतं. आणि त्याच क्षणी तिला त्या प्लेटचा खालचा भाग आठवला. त्या दिवशी सगळे कडेच्या ओळीकडे बघत होते. खालच्या ओळींकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, कारण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"सगळ्यांचं सोड," ती म्हणाली. "तुझं सांगते. त्या प्लेटमध्ये खाली एक ओळ होती. तुझ्याच पेशी होत्या, पण त्यांत मी जुनं औषध घातलं होतं. आज गोळीत असतं तेच. कडेची ओळ पिवळी झाली, ही नाही झाली. पाण्यासारखी होती."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या रक्तात जो आहे तो, तुझ्याच पेशींत, त्या औषधापुढे वाढू शकला नाही. माझ्या डोळ्यांदेखत. मला कुणी सांगितलेलं नाही हे."

"तुझी चूक झाली असेल तर? थेंब उडाला, नाही तर अजून काही?"

"नाही झाली," मावशी म्हणाली, आणि आता तिला रडू आलं. "बाईंनी स्वतः तपासलंय. माझा हात स्वच्छ आहे."

छोट्याने तिचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. मोज्यांत राहून राहून तो कोरडा आणि सुरकुतलेला झाला होता. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, एखादा लिफ्टचा भाग तपासावा तसा नीट पाहिला.

"कधी घ्यायची असते ती गोळी?" त्याने विचारलं.

"रोज एकाच वेळी," ती म्हणाली. "मी आठवण करून देईन."